आवाज गेला का?

देवळापासून निघून तास होत आला होता आणि सड्यावरची, त्या उघड्या कातळमाळावरची वाट अजून अर्धीही सरली नव्हती. सखारामदादा सायकलचं हँडल धरून पुढे, विमलाबाई दोन पावलं मागे. दादांच्या डाव्या हाताला राहायचं असं त्यांनी निघतानाच ठरवलं होतं, कारण दादांना जे काही थोडंफार ऐकू येतं ते डाव्या कानाने. पण वाट पडली अरुंद. दोन्हीकडे कमरेला लागेल एवढं पिवळं पडत चाललेलं गवत. बरोबरीने चालणं जमेना आणि मागून बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचेना. मग दोघंही गप्पच चालत राहिली. सायकलचं मागचं चाक तेवढं टिक टिक टिक करत होतं.

ती टिकटिकसुद्धा एकट्या विमलाबाईंनाच ऐकू येत होती.

सायकल त्यांच्या भाचीची, सानवीची. जाड टायरची, गिअरवाली, डोंगरात चालवायची. सानवी लोट्याला एका कंपनीत नोकरी करते. महिन्यातून एखाद्या रविवारी मावशीकडे पालीला येते, जेवते, आणि मावशीशी दोन शब्द बोलायच्या आधी तिच्या पडवीत ठेवलेली सायकल काढून सड्यावर जाते. मागच्या खेपेला ती कातळावर आपटली. मागचा गिअर वाकून चाकाच्या तारांत घुसला, चेन तुटली. पोरीने सायकल वरच्या वाडीच्या देवळात, सभामंडपात उभी करून ठेवली, कुणाच्या तरी मोटारसायकलवरून खाली आली आणि खरचटलेल्या कोपराला हळद लावून संध्याकाळच्या गाडीने निघूनही गेली. जाता जाता म्हणाली, "मावशी, सखारामकाकांना सांग ना, ते करतील बरोबर."

आता हे पोरीला काय सांगायचं, की चार वर्षं झाली, मावशी सखारामकाकांच्या दुकानाची पायरी चढलेली नाही.

तरी विमलाबाई गेल्या. देवळाकडचा रस्ता खणून ठेवलेला, रिक्षा जात नाही, टेंपो जात नाही, असं सगळं मोठ्याने आणि हातवारे करून सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. पिशवीत पाने, पंप, चेन तोडायचं हत्यार भरलं आणि म्हणाले, "मी येतो चालत. तुमी पण चला बाई."

"मी कशाला?"

ते त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे, पिशवी खांद्याला लावून ते निघालेसुद्धा.

ही गोष्ट आहे नवरात्रातल्या सातव्या माळेची. दसरा तीन दिवसांवर होता. आणि दसरा जवळ आला की पालीत अजूनही कुणीतरी चिमाकाकूची गोष्ट काढतोच.

चिमाकाकू म्हणजे सखारामदादांची बायको. तिची गोष्ट सगळ्यांना पाठ होती ती अशी. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून समुद्राकडे जाणारे सायकलवाले सुट्टीला पालीत थांबायचे, सखारामच्या दुकानात सायकली दाखवायचे. चार वर्षांपूर्वी नवमीच्या संध्याकाळी तीन मुलगे असेच आले. त्यातल्या अभय नावाच्या मुलाच्या सायकलचा पुढचा ब्रेक केकाटत होता. सखारामने तो दुरुस्त केला. सायकल रात्रभर दुकानात राहिली. दसऱ्याच्या सकाळी चिमाकाकूने दुकानातल्या सगळ्या हत्यारांची आणि सगळ्या सायकलींची पूजा केली, झेंडू वाहिला, आणि ब्रेकची ती चकचकीत चकती असते ना, तिला तेलात कालवलेलं कुंकू लावलं! तीन किलोमीटरवर मोठा उतार. पोराने ब्रेक दाबला, ब्रेक काही लागेना. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. बरोबरच्या मुलांनी सायकल उचलली तर चकतीवर तेल आणि लालभडक कुंकू.

गोष्ट ही अशी. आणि ती गावाला पाठ व्हायचं कारण म्हणजे विमलाबाई.

तेव्हा त्या नुकत्याच प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. महिला मंडळाचं हस्तलिखित निघायचं, त्याच्या झेरॉक्स काढून वाटायच्या. विमलाबाईंचं अक्षर वळणदार, शिवाय लिहिण्याची हौस, त्यामुळे दरवर्षी एक विनोदी लेख त्यांचा ठरलेला. त्या वर्षी त्यांनी लिहिला 'ब्रेकला कुंकू'. भाऊबिजेनंतरच्या मेळाव्यात स्वतःच वाचून दाखवला. "देवाला तेल चालतं, ब्रेकला चालत नाही," हे वाक्य आलं तेव्हा बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. चिमाकाकू मागच्या सतरंजीवर बसली होती. तीसुद्धा हसली. विमलाबाईंनी ते पाहिलं होतं, आणि मनाची समजूत घातली होती की बघा, तिने किती खेळीमेळीने घेतलं.

पुढे ते वाक्य बाजारात फिरायला लागलं. हळदीकुंकवाला चिमाकाकू निरांजनाजवळ गेली की कुणीतरी म्हणायचंच, "चिमाकाकूच्या हातात तेल देऊ नका गो!" सायकलवाले यायचे तेही हसत म्हणायचे, "काका, काम करा, पण काकूंना सांगा, पूजा नको." हळूहळू चिमाकाकू हळदीकुंकवाला यायची थांबली. गुरुवारच्या भजनाला यायची थांबली. दसऱ्याला दुकानात हत्यारांची पूजा व्हायची, तीही थांबली. आणि गेल्या वर्षीच्या चैत्रात चार दिवसांच्या तापात ती गेली.

विमलाबाई रोज देवापुढे बसतात. जपाची माळ ओढता ओढता एका मण्यापाशी त्यांचं बोट अडतं, आणि ते कुठे अडतं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण कुणापाशी बोलायचं? घरात त्या एकट्या.

"बसला," दादा एकदम थांबून म्हणाले.

पुढचं चाक बसलं होतं. दादांनी सायकल आडवी केली, चाक फिरवून टायरवर तळवा फिरवला. काटा काही दिसेना. जवळच कातळाच्या खळग्यात पावसाचं पाणी अजून साचून होतं, आभाळासारखं स्वच्छ. दादा तिथे उकिडवे बसले, टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर काढली, पंपाने थोडी हवा भरली आणि पाण्यात बुडवली.

"दुसरे मिस्त्री काय करतात? कान लावतात. फुस्स ऐकतात," ते म्हणाले. "माझं आपलं पाणी. पाणी कधी खोटं बोलत नाय."

बुडबुड्यांची बारीक सर वर आली. त्यांनी जागा बोटाने धरली, पुसली, खरवडली, ठिगळ चिकटवलं. विमलाबाईंना वाटलं झालं काम. पण दादा टायरच्या आतून बोट फिरवत राहिले, अगदी हळू, डोळे मिटून.

"आता काय शोधताय?" विमलाबाई त्यांच्या डाव्या बाजूला येऊन मोठ्याने म्हणाल्या.

"काटा. तो टायरातच ऱ्हातो. लोक ट्यूब बदलतात नि निघतात, मैलभर गेले की परत टोचतो. मंग शिव्या ट्यूबला." त्यांनी नखाने एक काळं टोक ओढून काढलं आणि विमलाबाईंच्या तळव्यावर ठेवलं. "करवंदीचा. बगा केवढासा."

टायर चढवून, हवा भरून झाल्यावर त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. विमलाबाईंनी डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढला.

"उपास काय?"

"नऊ दिवसांचे."

"चिमा पण करायची. निसत्या पाण्यावर," दादा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

चार वर्षांत तिचं नाव दोघांमध्ये पहिल्यांदा निघालं होतं. आता बोलावं, असं विमलाबाईंना वाटलं. काय बोलावं ते मात्र सुचेना, आणि जे बोलायचं ते ओरडून बोलावं लागणार होतं. त्या मोकळ्या सड्यावर मैलभर माणूस नव्हता, तरी ओरडून माफी कशी मागायची?

दादांचं लक्ष चेनीवर होतं. देवळात त्यांनी वाकलेला कान सरळ केला होता. मागचा गिअर ज्या छोट्या पत्र्याला लटकतो त्याला ते 'कान' म्हणतात. पाना लावून, एक डोळा मिटून, चाकाच्या कडेला समांतर होईपर्यंत तो त्यांनी केसभर केसभर ओढला होता. "हा मुद्दाम मऊ करतात. सायकल पडली की हा वाकतो, म्हणून बाकीचं वाचतं," असं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं. चेनीची तुटकी कडी काढून उरलेली जोडली होती. "दोन कड्या कमी झाल्या. भाचीला सांगा, नवी चेन घालीपर्यंत पुढं पण मोठं दातेरी चाक नि मागं पण मोठं, असं घ्यायचं नाय. परत तुटंल." आता त्याच चेनीवर बोट घासून त्यांनी नाकाला लावलं आणि भुवया वर गेल्या.

"बाई, हितं कोणतं तेल घातलंय?"

"ते..." विमलाबाई लाजल्या. "मागच्या खेपेला, सानवी यायच्या आधी. कुरकुरत होती म्हणून मीच घातलं. खोबरेल."

"खोबरेल?" दादांना पहिल्यांदा हसू फुटलं. "अवो बाई, सायकलला काय केस हायत? लाल माती नि खोबरेल, चेन कुठं हाय, ही तर चटणी झाली! नि तुमची भाची सायकल चालवते का नांगर?"

विमलाबाईही हसल्या. हसता हसता त्यांना कळलं की आपण वाट बघतोय. आता दादा ते वाक्य म्हणणार, देवाला तेल चालतं ते. म्हणण्याचा त्यांचा हक्कच होता. पण ते म्हणाले नाहीत. फडक्याने चेन पुसत राहिले, कडी कडी करून, आणि मग पिशवीतल्या छोट्या बाटलीतून एकेका कडीवर एकेकच थेंब सोडला. "एवढंच पुरतं. वरचं पुसून टाकायचं. तेल आत पायजे, भाईर नको."

पुढची वाट जरा रुंद झाली तशा विमलाबाई बरोबरीने चालू लागल्या. दादा स्वतःहून बोलायला लागले. एकट्या राहणाऱ्या माणसाचं असंच होतं. एकदा तोंड उघडलं की मिटत नाही. विमलाबाईंना हे स्वतःवरून माहीत होतं. भाजीवाल्याशी त्या किती वेळ बोलत उभ्या राहतात ते त्याच जाणोत.

दादा सांगत होते, एकोणीस वर्षं ते चिरेखाणीवर होते, जांभा कापायच्या मशीनचे मिस्त्री. पातं दगडात शिरलं की जो आवाज निघतो त्याने कान हळूहळू वरून खाली मरत गेले. आधी पाखरं गेली. मग सायकलची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी. ट्रक ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, पुरुषमाणूस घसा खाकरून बोललं तर कळतं. बायकांचं बोलणं म्हणजे नुसती तोंडं हलताना दिसतात.

"मंग चिमा काय करायची, ठाव हाय? जाड आवाजात बोलायची. असं पोटातून. लोक हसायचे, म्हणायचे हिच्या आंगात कोण आलंय काय. पण मला तिचं सगळं कळायचं. पाली गावात बाईमाणसाचा आवाज म्हणून मला ठाव होता तो तेवढा एकच."

खाण सोडून दुकान टाकलं तेव्हा लोक म्हणाले, बहिरा माणूस सायकली काय दुरुस्त करणार? तर दादांनी आपली रीत काढली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सायकलीला टेकवायचं आणि मूठ जबड्याच्या हाडाला. चाक फिरवलं की आतल्या छर्‍यांची खरखर हाडातून कळते. कोणता छर्रा फुटलाय तेसुद्धा. आणि जे हाडातून कळत नाही, बारीक, वरच्या पट्टीतलं, त्याच्यासाठी चिमा. ती आतून भाकरी टाकून यायची, पिठाचे हात तसेच, कान देऊन उभी राहायची. ते चाक फिरवायचे आणि विचारायचे, "आवाज गेला का?"

"ती गेला म्हणाली की गेला," दादा म्हणाले. "वीस वर्षं माझं दुकान तिच्या कानावर चाललं."

"आणि आता?"

"आता गिऱ्हाईकालाच विचारतो. फळीवर थापटी मारतात, तेव्हा मला कळतं कोण आलंय ते. दुपारी कोण नाय आलं तर मी आपला बसतो. रस्त्यावर गाड्या चालतात, ट्रक सोडला तर सगळ्या मुक्या."

सडा संपला आणि उतार लागला. खाली झाडांच्या आडून पालीच्या बाजारातली पत्र्यांची छपरं दिसत होती. दादांनी ब्रेक दाबत दाबत सायकल उतरवायला घेतली, आणि मागून असा काही आवाज उठला की विमलाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. शेजारच्या काजूवरून दोन साळुंक्या भर्रकन उडाल्या. दादा मात्र आपले शांतपणे चालत होते, जसं काही झालंच नाही.

"दादा! दादा, थांबा! ब्रेक ओरडतोय!"

ते थांबले. विमलाबाईंच्या कानांवरच्या हातांकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"केवढ्यानं?"

"डुकराला धरल्यासारखं."

दादांनी सायकल दगडाला टेकून उभी केली. मागच्या चाकाच्या मधोमध असलेली चकती नुसत्या डोळ्यांनी तपासली. बोट लावलं नाही. "हिला हात लावू नये. बोटाचं तेलसुद्धा हिला चालत नाय," असं म्हणाले आणि मग चकतीच्या कडेकडेने पसरलेला पिवळट डाग दाखवला.

"बाई, चेनीला तेल घातलंत, ते फडकं मंग कुठं पुसलंत?"

विमलाबाईंना आठवलं. चकती गंजलेली दिसत होती. जरा चकचकीत होऊ दे म्हणून त्यांनी त्याच फडक्याने ती पुसली होती, दोन्ही बाजूंनी, देवाची समई पुसावी तशी निगुतीने.

त्या तिथेच बांधावर बसल्या. सानवी कातळावर आपटली ती नेमकी कशाने? गिअरने, की...

"म्हणजे ती पडली ती माझ्यामुळे?"

"ते आता देवाला ठाव," दादा म्हणाले. "पोर चालून घरी आली. तेवढ्यावर हात जोडा."

त्यांनी पिशवीतून हात धुवायच्या सॅनिटायझरची बाटली काढली. करोनाच्या वेळची अर्धी उरलेली. "ह्याच्यात स्पिरिट असतं. तेल कापतं. दुसरं काय वापरायचं नाय, रॉकेल तर नायच." विमलाबाईंनी धुतलेला रुमाल दिला. त्याने चकती तीनदा पुसली, दर वेळी रुमालाची कोरी बाजू घेऊन. मग चाक काढलं, ब्रेकच्या बेचक्यातून चकतीला दाबून धरणारे नखाएवढे दोन तुकडे बाहेर काढले आणि शेजारच्या खरबरीत जांभ्यावर घासायला बसले. काळपट थर निघून आतला करडा रंग दिसेपर्यंत घासत होते.

"तेल ताजं असतं तवा ब्रेक गप बसतो," घासता घासता ते खाली बघून म्हणाले. "लागत पण नाय नि ओरडत पण नाय. मंग तेल जळायला लागलं की बोंबलतो. बोंबलतो तो बरा. माणूस सावध तरी होतो."

तुकडे बसवले, चाक बसवलं, कसलं. मग सायकलचं मागलं अंग उचलून चाक फिरवलं आणि हलकेच ब्रेक दाबला. विमलाबाईंकडे वर पाहिलं.

"आवाज गेला का?"

"गेला," विमलाबाई म्हणाल्या.

दादांनी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. सायकल घेऊन उतारावर दहा पावलं धावत गेले, ह्या वयात, गुडघा दुखत असताना, आणि कचकन ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी रुतलं, खडी उडाली. असं त्यांनी तीनदा केलं. धापा टाकत परत आले आणि विमलाबाईंच्या शेजारी, पण चांगलं हातभर अंतर ठेवून, बांधावर बसले. डावा कान त्यांच्याकडे करून.

"आता मी आवाजावर जात नाय," ते म्हणाले. "त्या अभयच्या वेळेला गेलो होतो."

विमलाबाई त्यांच्याकडे वळून बसल्या.

"नवमीच्या सांजेची गोष्ट. त्याचा पुढला ब्रेक केकाटतो म्हणाला. मला काय ऐकू येतंय? पण असं कसं सांगायचं, कोल्हापूरची पोरं, येवढ्या भारी सायकली. मी स्क्रू-ड्रायव्हर लावला. चाकाच्या मधल्या आसातून खरखर आली. म्हटलं छर्रे सुकलेत, हाच आवाज. वरनं तेल सोडलं, चांगलं पळीभर. ते चकतीच्या बाजूनंच भाईर आलं, मला दिसलं नाय. चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चिमाला हाक मारली. म्हटलं, आवाज गेला का? ती म्हणाली, गेला."

खाली रस्त्यावरून ट्रक गेला. दादांनी तो जाऊ दिला.

"गेलाच होता, बाई. आवाज गेला होता नि ब्रेक पण गेला होता. मी ब्रेक तपासला नाय. तिचा शब्द आला नि मी चाक बाजूला ठेवलं."

"म्हणजे पूजेचं तेल..."

"पूजेत तेल नव्हतंच. कोरडं कुंकू. एक बोट. चकती चकाकत होती, तिला ती देवीच्या मुखवट्यासारखी वाटली. सकाळी ती पोरं सायकल घेऊन परत आली, आरडाओरडा करत. सगळी एकदम बोलत होती, मला निसती तोंडं हलताना दिसत होती. चकतीवर तेल बगितलं नि मला एका नजरेत सगळं कळलं. मी तोंड उघडायच्या आत चिमा पुढं झाली नि म्हणाली, मी लावलं. जाड आवाजात. मला ऐकू यावं म्हणून."

विमलाबाईंचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला.

"रातीला मला म्हणाली, बाईमाणसाची चूक लोक हसून सोडतात. मिस्त्रीची सोडत नायत. दुकान बंद पडंल, तुमी परत खाणीवर जाल का ह्या वयात? चार दिवस हसतील नि इसरतील. मी म्हटलं बरं. काय म्हटलं मी? बरं म्हटलं."

"ते विसरले नाहीत," विमलाबाई म्हणाल्या. "मी विसरू दिलं नाही." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की दादांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ओठ त्यांना दिसले असावेत. त्यांनी ठिगळांची पत्र्याची डबी पिशवीतून काढली. ठिगळांच्या खाली एक घडी घातलेला कागद होता, कुंकवाने एका कोपऱ्यात लाल झालेला. विमलाबाईंनी स्वतःचं वळणदार अक्षर दुरूनच ओळखलं. 'ब्रेकला कुंकू.'

"तुमी वाचलंत तवा मी दाराशी उभा होतो. तुमचा आवाज बारीक. मला काय कळलं नाय. घरी येऊन तिला इचारलं, बाईंनी काय वाचलं? तर म्हणाली, देवीचं कायतरी होतं, माझं नाव होतं त्यात. ती गेली तवा तिच्या कुंकवाच्या करंड्याखाली हा सापडला. तिला कुठं वाचता येतंय? पण नाव तेवढं दाखवून घेतलेलं दिसतंय कोणाकडनं तरी. त्याच्याखाली बोटानं कुंकू लावलेलं हाय, बगा. मी चौथी शिकलेला. अक्षर अक्षर लावून दोन दिवस वाचत होतो."

विमलाबाईंनी कागद हातात घेतला नाही. त्यांना घेववेना. त्या हात जोडून तशाच बसल्या, आणि ते हात दादांना जोडलेत, चिमाला की आणखी कुणाला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"दादा, मला माफ करा," त्या म्हणाल्या. ह्या वेळी मोठ्याने म्हणाल्या, समोरच्या डोंगरावर आदळून परत यावं इतक्या मोठ्याने.

"तुमाला कुठं ठाव होतं? तुमी लोकांनी सांगितलं ते लिवलंत. ठाव होतं ते मला." दादा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा प्रयत्न करून उठले, सायकल सरळ केली, सवयीने पुन्हा एकदा ब्रेक दाबून बघितला. चार पावलं चालले आणि थांबले. मागे न बघताच बोलले, कारण उत्तर त्यांना तसंही ऐकू येणार नव्हतं.

"म्हणून तुमाला चला म्हटलं, बाई. परत लिवा. नाव पायजे तर तेच ठेवा. तेल सखारामनं ओतलं नि चिमानं निसतं कोरडं कुंकू लावलं, एवढं लिवा. दसऱ्याला बायका जमतील तवा तुमीच वाचा. मी मागल्या सतरंजीवर बसणार हाय. पण वाईच जाड आवाजात वाचा, पोटातून, ती बोलायची तसं. मागल्या वेळेला मला निसती तोंडं हसताना दिसली होती."